प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’: जुन्या संगणकावरच्या लिनक्सला दुसरा पडदा दिसत नसेल तर

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रांना लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा रस्ता उरला. जिल्हा परिषद शाळेतला डेस्कटॉप, अभ्यासिकेतला जुना लॅपटॉप, लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गात आलेला कंपनीतून निघालेला सेकंडहँड थिंकपॅड, अशा यंत्रांवर मिंट, एमएक्स किंवा डेबियन हे लिनक्सचे प्रकार चांगले चालतात. घोडं अडतं ते दुसरा पडदा जोडताना. पोरं बसलेली, पडदा खाली सोडलेला, प्रोजेक्टर चालू, आणि त्यावर निळ्या रंगात ‘नो सिग्नल’.

अशा वेळी पहिला आळ लिनक्सवर येतो आणि दुसरं पाऊल थेट फॉरमॅटकडे पडतं. फॉरमॅट करून या दुखण्यात क्वचितच काही पदरात पडतं, कारण बहुतेक वेळा दोष तारेत, कन्व्हर्टरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो. तिथं नसेल तर पडद्याची ओळख संगणकापर्यंत पोचलेली नसते. ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून तपासणी याच क्रमानं करा.

आदेशांबद्दल एक सूचना. खाली टर्मिनलमधले (आदेश टाइप करायच्या खिडकीतले) आदेश देवनागरीत उच्चारानुसार दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत आणि नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं टाका. × या चिन्हाच्या जागी लहान ‘एक्स’ टाका. पोर्टची नावं मात्र बहुतेक मोठ्या अक्षरांत असतात, ती पडद्यावर दिसतील तशीच टाका. मुख्य आदेश एकच आहे, एक्सरँडआर. त्याची अक्षरं एक्स-आर-ए-एन-डी-आर. आकड्याच्या किंवा शब्दाच्या आधी दोन आडव्या रेघा दिसल्या तर त्या जागा न सोडता जोडून टाकायच्या.

लिनक्स सुरू होण्याआधीची चाचणी

यंत्र पूर्ण बंद करा. प्रोजेक्टर किंवा मॉनिटर आधी चालू करा, तार लावा आणि मग यंत्र सुरू करा. कंपनीचा लोगो, बायोस (यंत्राच्या मूळ सेटिंगचं पान) किंवा ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू बाहेरच्या पडद्यावर दिसला, तर चित्र पोचवण्यापुरते तार, पोर्ट आणि प्रोजेक्टर तिघंही धडधाकट आहेत. दोष लिनक्सच्या बाजूला किंवा पडद्याची ओळख सांगणाऱ्या पिनांत आहे. लोगोसुद्धा आला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, काही लॅपटॉप सुरुवातीला फक्त स्वतःच्याच पडद्यावर चित्र देतात. पण तीच तार दुसऱ्या यंत्राला लावून तिथंही अंधारच असेल, तर लिनक्सला हात लावायचं कारण नाही.

याच वेळी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं सोर्स बटण बघा. ‘कॉम्प्युटर १’, ‘कॉम्प्युटर २’, ‘एचडीएमआय’ असे पर्याय असतात आणि आदल्या दिवशी कुणीतरी पेनड्राइव्ह लावून सोर्स बदललेला असतो. लॅपटॉपच्या कळाही दाबून पाहा: जुन्या थिंकपॅडवर एफएन आणि एफ७, डेल लॅटिट्यूडवर एफएन आणि एफ८, एचपीच्या ऑफिस मॉडेलवर एफएन आणि एफ४. सिनॅमन, ग्नोम, केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपांत विंडोज कळ आणि पी ही जोडीही चालते. एकदा दाबून पाच-सहा सेकंद थांबा. पटापट दाबत राहिलात तर पर्याय फिरत राहतात आणि चालू झालेलं चित्रही पुन्हा बंद होतं.

तार: सगळ्यात जास्त दोष इथंच

जुन्या यंत्रांवर निळं व्हीजीए पोर्ट असतं. त्याच्या प्लगमध्ये तीन ओळींत १५ पिनांच्या जागा असतात. प्लगचं तोंड आपल्याकडे आणि रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ५, मधल्या ओळीत ६ ते १०, खालच्या ओळीत ११ ते १५. यातल्या मोजक्या पिनांवर सगळा खेळ आहे.

पिन १ लाल, २ हिरवा, ३ निळा. यातली एखादी वाकली किंवा आत दबली की चित्र येतं पण रंग बिघडतात. लाल तुटला तर सगळं निळसर-हिरवट, हिरवा तुटला तर जांभळट-गुलाबी, निळा तुटला तर पिवळं. असं चित्र दिसलं की रंगाच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, प्लग काढून पिना बघा. वाकलेली पिन बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलमध्ये अडकवून हळूच सरळ करता येते. पिन १३ आणि १४ वर आडव्या-उभ्या ताळमेळाचे संकेत जातात. त्या गेल्या तर चित्र सरकतं, फाटतं किंवा येतच नाही.

आता महत्त्वाची जोडी: १२ आणि १५. मॉनिटर आपली ओळख याच दोन पिनांवरून संगणकाला सांगतो. आपण कोणत्या कंपनीचे, किती रेझोल्यूशन चालतं, किती हर्ट्‌झ झेपतात, ही सगळी माहिती १२८ बाइटच्या एका तुकड्यात असते आणि त्याला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त तारेत या दोन पिना असतात, पण आतून वायरच जोडलेली नसते. मग चित्र येतं, पण १०२४×७६८ च्या वर जात नाही. लोक याला ड्रायव्हरचा दोष समजतात. गावातल्या टीव्ही मेकॅनिककडे मल्टिमीटर असतो. तारेच्या दोन्ही टोकांच्या १२ ते १२ आणि १५ ते १५ वर बझर वाजतो का ते बघून घ्या. नाही वाजला तर तार बदला. ४, ९ किंवा ११ ची जागा रिकामी दिसली तर घाबरू नका, बऱ्याच चांगल्या तारांतही तशी असते. नववी पिन नसेल तर एवढंच पाळा, की मॉनिटर आधी चालू करायचा. ओळख सांगणाऱ्या चिपला पाच व्होल्ट त्या पिनेवरून मिळतात आणि ती नसली की मॉनिटर बंद असताना चिपही झोपलेली असते.

छतावरच्या प्रोजेक्टरला दहा-पंधरा मीटरची तार असते. एवढ्या लांबीत अक्षरांच्या बाजूला सावली येते. तार विकत घेताना तिच्यावर ३+६ किंवा ३+९ लिहिलेलं बघून घ्या. पहिला आकडा रंगांच्या तीन जाड आवरणवाल्या वायरींचा, दुसरा बाकीच्या बारीक वायरींचा. ३+४ असेल तर ती लांब पल्ल्याला घेऊ नका. आहे त्याच तारेवर भागवायचं असेल तर रेझोल्यूशन उतरवा. फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता आलं म्हणजे झालं, तिथं १९२०×१०८० चा हट्ट कशाला? सावली किंवा थरथर थोडी असेल तर पडद्यावर पांढरं, भरलेलं पान उघडून मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा. काळ्या किंवा रिकाम्या पानावर दाबलं तर त्याला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि ते उलट बिघडवून ठेवतं.

कन्व्हर्टर कुठं चालतो, कुठं नाही

कन्व्हर्टरला दिशा असते. एचडीएमआय-ते-व्हीजीए म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए. तो उलटा लावून व्हीजीए लॅपटॉपचं चित्र एचडीएमआय टीव्हीवर येत नाही. त्यासाठी व्हीजीए-ते-एचडीएमआय असा वेगळा डबा लागतो आणि त्याला यूएसबीमधून वीज द्यावीच लागते. आवाजासाठी त्याला लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वेगळी तार जोडा, व्हीजीएतून आवाज जात नाही.

एचडीएमआय-ते-व्हीजीएच्या स्वस्त कन्व्हर्टरचा ठरलेला रोग असा: चित्र येतं, दोन मिनिटांनी जातं, पुन्हा येतं. एचडीएमआय पोर्टनं कन्व्हर्टरला किमान ५५ मिलीअँपिअर द्यावेत एवढीच अपेक्षा असते आणि जुने लॅपटॉप त्याहून फार काही देत नाहीत. कन्व्हर्टरच्या बाजूला छोटं मायक्रो-यूएसबी भोक असेल तर त्याला मोबाइलचा चार्जर लावा. भोक नसलेला कन्व्हर्टर घेऊच नका.

सेकंडहँड यंत्र घेताना पोर्ट बघून तार घ्या. थिंकपॅड टी४२० आणि एचपी एलिटबुक ८४६०पी यांना व्हीजीए आणि मोठं डिस्प्लेपोर्ट असतं, एचडीएमआय नसतं. टी४३० ला छोटं डिस्प्लेपोर्ट. डेल लॅटिट्यूड ई६४२० ला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही. डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआय करायचं असेल तर पोर्टवर दोन अधिक चिन्हांची खूण असल्यास साधी, स्वस्त तारही चालते. डेस्कटॉपच्या पांढऱ्या डीव्हीआय पोर्टला व्हीजीएचं साधं टोपण लावायच्या आधी त्याची चपटी आडवी पट्टी बघा: तिच्या वर-खाली मिळून चार भोकं असतील तर त्यातून व्हीजीए निघतं; नुसती पट्टीच असेल तर ते टोपण कितीही दाबून बसवा, सिग्नल येणार नाही.

यूएसबीला लावून पडदा वाढवणारे डबे जुन्या यंत्रावर टाळलेले बरे. वेगळा ड्रायव्हर लागतो, प्रोसेसर दमतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की ते रुसतात.

झिणझिण्या आणि पडद्यावर सरकणारे पट्टे

कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा व्हीजीएच्या स्क्रूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग तुटली की पत्र्यावर मेन लाइनच्या जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगतो. करंट किरकोळ असतो, पण चालू यंत्रात तार खुपसताना तोच करंट पोर्टच्या चिपमधून जाऊ शकतो. ‘काल चालत होतं, आज पोर्टच मेलं’ याचं हे एक नेहमीचं कारण.

काळ्या मातीच्या गावांत हे उन्हाळ्यात जास्त जाणवतं. माती सुकली, भेगाळली की अर्थिंगच्या सळईभोवतीचा ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरतीच उरते. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. बोर्डाच्या तिसऱ्या, जाड भोकात वायर खरंच जोडली आहे का, हे वायरमनकडून एकदा उघडून बघून घ्या. कित्येक ठिकाणी भोक असतं, वायर नसते. तोवर तार लावताना आणि काढताना दोन्ही बाजू बंद ठेवा, बोर्डाच्या बटणापासून.

दुसरं लक्षण म्हणजे व्हीजीएच्या चित्रावर वर-खाली सावकाश सरकणारे फिकट पट्टे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पट्टे गेले, तर लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डावर आणि प्रोजेक्टर दुसऱ्या, असा प्रकार आहे. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो तारेतून वाहतो. दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. चार्जरची तिसरी पिन कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

लिनक्सला काय दिसतंय ते विचारा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर टर्मिनल उघडा. आधी एक खात्री: पडद्यावर चित्र काढणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी आपण एक्सऑर्गवर आहोत की वेलँडवर. मिंटच्या सिनॅमन आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपांत मूळ एक्सऑर्गच असतं. डेबियन किंवा उबुंटूच्या ग्नोममध्ये वेलँड असू शकतं आणि तिथं एक्सरँडआरनं केलेले बदल लागू पडत नाहीत. लॉगइनच्या वेळी नाव निवडल्यावर कोपऱ्यातल्या चाकाच्या चिन्हातून ‘एक्सऑर्ग’ असलेला पर्याय मिळत असेल तर तो घ्या. तसंही जुन्या यंत्रावर ग्नोम ठेवण्यापेक्षा एक्सएफसीई बरं.

आता नुसतं एक्सरँडआर टाकून एंटर. पहिल्या ओळीत सध्याचा आणि कमाल आकार येतो. मग एकेका पोर्टचं नाव: एलव्हीडीएस-१ किंवा ईडीपी-१ म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, बाकी व्हीजीए-१, एचडीएमआय-१, डीपी-१. प्रत्येकापुढे ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. काही जुन्या इंटेल ड्रायव्हरवर नावात आडवी रेघ नसते, नुसतं व्हीजीए१ असतं. आपल्या पडद्यावर जे नाव दिसतं तेच वापरायचं. कॉपी केलेला आदेश न चालण्याचं निम्मं कारण ही रेघ असते.

पोर्ट ‘कनेक्टेड’ आहे, खाली रेझोल्यूशनची यादीही आहे, पण पडदा काळा? मग लिनक्सनं पडदा ओळखलाय, फक्त चालू केलेला नाही. हे सोपं दुखणं:

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो

दोन्हीकडे तेच चित्र हवं आणि लॅपटॉप १३६६×७६८ चा, प्रोजेक्टर १०२४×७६८ चा असेल, तर दोघांना झेपणारा आकार शोधत बसण्यापेक्षा चित्र आक्रसून पाठवता येतं:

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०२४×७६८ --स्केल-फ्रॉम १३६६×७६८ --सेम-अ‍ॅज एलव्हीडीएस-१

चित्र किंचित उभट दिसेल, पण काही कापलं जाणार नाही. आदेश नको असतील तर ए-रँडआर नावाचं छोटं सॉफ्टवेअर तुमच्या लिनक्सच्या भांडारातून (सॉफ्टवेअर मॅनेजरमधून) बसवा (अक्षरं ए-आर-ए-एन-डी-आर). त्यात पडदे चौकटींच्या रूपात दिसतात, माउसनं सरकवायचे, हिरवी बरोबरची खूण दाबायची आणि मांडणी फाइल म्हणून जपून ठेवायची. ती फाइल म्हणजे तयार स्क्रिप्ट असते.

मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ आलं तर चित्र पोचतंय, आकार जास्त झालाय. लॅपटॉपच्या पडद्यावरून --मोड ८००×६०० देऊन चित्र आणा आणि मग एकेक पायरी वर चढा.

ओळख पोचत नसेल तर

एक्सरँडआर --व्हर्बोज टाका आणि आपल्या पोर्टखाली ईडीआयडी हा मथळा शोधा. त्याखाली दोन शून्यांनी सुरू होऊन ‘एफ’ची रांग असलेल्या ओळी दिसल्या तर ओळख मिळाली. मथळाच नसेल तर १२ आणि १५ च्या पिना, मधला स्प्लिटर किंवा लांब तार यांपैकी कुणीतरी ती खाल्ली. स्प्लिटरचा एक फाटा टीव्हीला नि एक प्रोजेक्टरला असेल तर तो काढून थेट जोडून पाहा.

तार लगेच बदलता येत नसेल तर आकार आपणच सांगायचा. १२८०×८०० च्या प्रोजेक्टरसाठी ‘प्रोज’ (पी-आर-ओ-जे) नावाचा मोड असा तयार करा:

एक्सरँडआर --न्यूमोड प्रोज ८३.५० १२८० १३५२ १४८० १६८० ८०० ८०३ ८०९ ८३१ -एचसिंक +व्हीसिंक

एक्सरँडआर --अ‍ॅडमोड व्हीजीए-१ प्रोज

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड प्रोज

दुसऱ्या आकारासाठी सीव्हीटी हा आदेश, मग रुंदी, मग उंची, मधे जागा सोडून. उदाहरणार्थ सीव्हीटी १६०० ९००. तो ‘मोडलाइन’नं सुरू होणारी ओळ देतो. त्यातलं अवतरणातलं नाव सोडून पुढचे आकडे जसेच्या तसे उचला. १३६६ दिलं तर तो १३६८ देतो, कारण रुंदी आठच्या पटीत धरतो. दोन ठिपक्यांचा फरक चालून जातो. प्रोजेक्टरच्या मूळ आकाराच्या वर जाऊ नका. बरेच जुने प्रोजेक्टर मुळात १०२४×७६८ किंवा ८००×६०० चेच असतात. खोक्यावर छापलेला ‘फुल एचडी सपोर्ट’ म्हणजे तो मोठं चित्र स्वीकारून लहान करून दाखवतो, एवढंच.

हे बदल यंत्र बंद केलं की पुसले जातात. तीनही ओळी एका फाइलीत टाका, पहिली ओळ नेहमीची शेल स्क्रिप्टची (#!/bin/sh), फाइलीच्या परवान्यांत ‘चालवण्याची मुभा’ द्या आणि स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्समध्ये पाच-दहा सेकंदांच्या उशिरानं जोडा. उशीर दिला नाही तर डेस्कटॉप नंतर उठून स्वतःची सेटिंग वर लादतो.

पोर्ट ‘डिसकनेक्टेड’च म्हणत असेल आणि तार-प्रोजेक्टर दुसऱ्या यंत्रावर चालत असतील, तर कर्नलला जबरदस्ती करता येते. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून हे जोडा: व्हिडिओ=व्हीजीए-१:१०२४×७६८@६०ई. शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘चालूच समज’. एफ१० दाबून सुरू करा. हा बदल एका वेळेपुरता असतो, म्हणून बिनधास्त करून बघा. जमला तर ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमधली ग्रब फाइल उघडून ‘सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्ट’ असलेल्या ओळीत अवतरणांच्या आत टाका आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. एचडीएमआयसाठी इथं नाव वेगळं आहे: एक्सरँडआरला जे एचडीएमआय-१ दिसतं त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो.

उलटा प्रकारही होतो. काही जुन्या इंटेल चिपवर नसलेला एस-व्हिडिओ किंवा टीव्ही पोर्ट ‘कनेक्टेड’ दिसतो आणि लॉगइनची चौकट त्या अदृश्य पडद्यावर जाऊन बसते. तिथं त्याच पद्धतीनं ‘ई’ऐवजी ‘डी’ लावून पोर्ट बंद करायचं: व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी.

चिपची कुवत

‘कॅनॉट फाइंड सीआरटीसी’ (म्हणजे पडदा चालवणारा भाग शिल्लक नाही) असा संदेश आला तर तो बिघाड नाही, मर्यादा आहे. सँडी ब्रिज म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आय३-आय५ पर्यंतच्या इंटेल ग्राफिक्सला दोनच पडदे चालवता येतात. तिसऱ्याची सोय २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून आली. टी४२० वर बाहेरचे दोन पडदे हवे असतील तर आधी स्वतःचा पडदा --ऑफ करा.

त्याहून जुन्या, ९४५ चिपसेटच्या जीएमए ९५० ची (अ‍ॅटम एन२७० च्या छोट्या नेटबुकमध्ये याच कुळातली चिप असते) अडचण वेगळी. तिचा थ्रीडी भाग २०४८ ठिपक्यांच्या पलीकडे चित्र रंगवू शकत नाही. १३६६ च्या शेजारी १०२४ मांडले की रुंदी २३९० होते. मग खिडक्या काळ्या पडतात किंवा सगळं रांगायला लागतं. यावर उपाय सोपा आहे: पडदे शेजारी न मांडता वर-खाली मांडा. --राइट-ऑफ (शेवटी एकच ‘एफ’) ऐवजी --अबव्ह. रुंदी १३६६ च राहते, उंची १५३६ होते, दोन्ही मर्यादेत. १९२०×१०८० चा मॉनिटरसुद्धा असा वर ठेवला तर १९२०×१८४८ होतात आणि बसतात. जोडीला एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकपणा रंगवणारा भाग) बंद करा.

ड्रायव्हरचं कधी बघायचं

एक्सरँडआरमध्ये एकच नाव ‘डिफॉल्ट’ किंवा ‘नन-१’ असं दिसलं आणि बाहेरचं पोर्ट यादीतच नसेल, तेव्हा. पहिला संशयित ‘नोमोडसेट’. इन्स्टॉल करताना काळा पडदा आला म्हणून कुणीतरी ग्रबमध्ये हा शब्द टाकतो आणि तो तिथंच राहतो. त्यानं खऱ्या ड्रायव्हरला पोर्ट हाताळायला बंदी होते. इन्स्टॉल उरकलं की तो ग्रबच्या फाइलीतून काढा.

एएमडीच्या चिपला फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा छोटा प्रोग्राम) लागतं. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबत येतं. त्याआधीच्या आवृत्तीवर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज नॉन-फ्री भांडारातून बसवावं लागतं. एनव्हिडियाच्या जुन्या ८०००, ९००० आणि २०० मालिकेच्या कार्डांना लागणाऱ्या ३४० ड्रायव्हरचा आधार कंपनीनं २०१९ अखेर थांबवला. तो नव्या कर्नलवर बसवायची कसरत करू नका, लिनक्समधला नुवो ड्रायव्हर ठेवा. गेम खेळायचे नसतील तर वर्गासाठी तो पुरतो.

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे दोन व्हीजीए दिसतात: एक मदरबोर्डचं उभ्या पोर्टांच्या घोळक्यात, दुसरं खाली आडव्या पट्टीत. कार्ड लावलं की बहुतेक बोर्ड स्वतःचं पोर्ट बंद करतात, म्हणून तार खालच्याला. बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्लेची निवड असते. ती रोज बदलत असेल आणि तारीखही मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो तीन व्होल्टचा असतो. खेड्यातल्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

टीव्ही जोडला तर

कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा १:१ असा पर्याय असतो. तो आधी बघा, लिनक्समध्ये शोधू नका. रंग धुवट, काळा राखाडी दिसत असेल तर इंटेलवर:

एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --सेट "ब्रॉडकास्ट आरजीबी" "फुल"

इथं अवतरणचिन्हं, मधली जागा आणि मोठी-लहान अक्षरं तंतोतंत लागतात: ब्रॉडकास्टचा पहिला ‘बी’, फुलचा पहिला ‘एफ’ आणि आरजीबीची तिन्ही अक्षरं मोठी. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर पाव्हूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशन पानावर एचडीएमआयचं प्रोफाइल निवडा. फोर-के टीव्हीला सँडी ब्रिजचं एचडीएमआय १९२०×१२०० च्या वर काही देत नाही, १९२०×१०८० वर ठेवा.

लाइट गेली, आली, आणि चित्र गेलं

लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, प्रोजेक्टर बंद पडून पुन्हा उठतो, आणि लिनक्स जुन्याच समजुतीत सिग्नल तोडून बसतं. दर वेळी गुरुजींनी टर्मिनल उघडावं अशी अपेक्षा नको. तीन ओळींची स्क्रिप्ट करा: पहिली एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑफ, दुसरी स्लीप २, तिसरी तुमच्या मांडणीची, म्हणजे --मोड आणि --सेम-अ‍ॅज वाली. डेस्कटॉपवर तिचा लाँचर ठेवा आणि नाव द्या ‘प्रोजेक्टर’. दोनदा टिचकी, चित्र परत. प्रोजेक्टरचा दिवा पूर्ण उजळेपर्यंत मात्र थांबून मगच टिचकी मारायला सांगा.

शिकवताना दहा मिनिटांनी पडदा काळा होत असेल तर पॉवर मॅनेजरमध्ये ‘ब्लँक’ आणि ‘स्लीप’ दोन्ही ‘नेव्हर’वर न्या आणि स्क्रीनसेव्हर वेगळा बंद करा, एक्सएफसीईत ही दोन वेगळी खाती आहेत आणि एक बंद केलं तरी दुसरं आपलं काम करतंच. झाकण मिटल्यावर यंत्र झोपत असेल तर त्याच पॉवर मॅनेजरमध्ये झाकणाची कृती ‘स्विच ऑफ डिस्प्ले’ करा, बॅटरी आणि चार्जर दोन्ही रकान्यांत. पण मे महिन्यात झाकण मिटून तासन्‌तास चालवू नका. बऱ्याच लॅपटॉपची थोडी गरम हवा कीबोर्डमधूनही बाहेर पडते. आणि प्रोजेक्टर अर्ध्या तासानं आपणहून बंद होऊन लाल दिवा लुकलुकत असेल, तर त्याची जाळी काढून धूळ झटका. तिथं लिनक्सचा काही संबंध नाही.